कडूमायचा चौथा काढा

कडूमाय स्वतःच्याच औषधाला भीत असे. दवनीवाड्याकडच्या आमच्या गावात ताप उतरवणारी म्हणून तिचं नाव होतं, परसात भुईलिमाचे वाफे होते, आणि तरी काढ्याचं भांडं चुलीवरून उतरवताना तिचा चेहरा असा व्हायचा की रोग्यानं काढा न घेताच बरं व्हावं. "औषधाले भ्याव लागते, पोरी," ती म्हणायची. "ज्याले भेव नाही, त्यानं हात नोको लावाव."

भुईलिम म्हणजे शहरातले लोक ज्याला काळमेघ म्हणतात ते. कडू इतकं, की जिभेला लागलं तर दिवसभर जेवण गोड लागत नाही. प्रत्येक काढा ती आधी स्वतः चाखायची, भिंतीला टेकून थोडा वेळ बसायची, मगच रोग्याला द्यायची. सून आजारी असली तर सासूला बाहेर पाठवून सुनेच्या कानात पाळीचं विचारायची. पाळी चुकली असं कळलं की भांडं सरळ गटारीत ओतायची. सासवा चिडायच्या, पण हा काढा पोटातल्या गर्भाला घातक, हे कारण कडूमायनं कधी कुणाला सांगितलं नाही.

तिचा एक नेम होता. काढे तीनच. सकाळ, संध्याकाळ, दुसरी सकाळ. तेवढ्यात ताप गेला नाही की ती पायात चपला सरकवायची आणि रोग्याला स्वतः उपकेंद्रात घेऊन जायची, हिवताप बघायला रक्ताची काचपट्टी काढायला. तिथली नर्स थट्टा करायची, की वैद्यीण असून गिऱ्हाईक आमच्याकडे आणून सोडते. कडूमायला त्यात थट्टा काय तेच कळायचं नाही.

मी तेव्हा नागपूरला वनस्पतींतली औषधी द्रव्यं शोधण्याचं शिकत होते. हिवतापाच्या जंतूंवर कुठल्या झाडाचा अर्क चालतो, हे पाहायचं काम. कडूमायकडून भुईलिमाच्या दोन पिशव्या नेल्या. तिनंच सांगितलं होतं, फुलायच्या आत काप, सावलीत वाळव. अर्क काढला, काचेच्या वाटीत रक्तातल्या जंतूंवर घातला, आणि जंतू भराभर कमी झाले. मी त्या दिवशी वसतिगृहात सगळ्यांना पेढे वाटले.

धानकापणीच्या सुट्टीत घरी आले ती थेट तिच्या सपरीत, ओसरीवर. जंतू मेले म्हटल्यावर तिनं विचारलं, कोणाच्या अंगातले? मी हसून म्हटलं, अंगातले नाही, काचेच्या वाटीतले.

"वाटीले ताप येते का?" ती म्हणाली.

मला राग आला, खरं सांगते. चार पुस्तकं वाचली होती ना. तासभर बसून मी तिला पटवलं की आता भिण्याचं कारण नाही. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, तू शिकलेली, तू म्हणतेस तर असेल.

त्याच आठवड्यात माझ्या भावाची चार वर्षांची छकुली तापानं फणफणली. कडूमायनं तीन काढे दिले. ताप उतरून परत चढला. दादा धानाच्या बांधीत, शेतावर होता, वहिनी आत पोरीजवळ. कडूमाय चपला घालून निघालेली, आणि मी तिला फाटकाशी अडवलं. म्हटलं, माय, अजून एक दिवस दे. मी डोळ्यांनी पाहिलंय. मग तिनं चपला काढल्या आणि चौथा काढा चढवला. चाखल्यावर ती नेहमीपेक्षा जास्त वेळ भिंतीला टेकून बसली, ते मला दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छकुलीनं डोळे फिरवले. हातपाय ताठ, दातखीळ बसलेली. दादानं मोटरसायकल काढली, मागे कडूमाय पोरीला छातीशी धरून बसली. मी काळी-पिवळी जीपनं मागून गोंदियाच्या दवाखान्यात पोचले. अख्ख्या वाटेत मी एकच गोष्ट मोजत होते, की काल आणि आज यांच्यात किती तास गेले.

हिवताप मेंदूत गेला होता. डॉक्टर हिंदीत ओरडत होते, कल क्यों नहीं लाए, किसने रोका? मी छकुलीच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिले. दादा आळीपाळीनं आमच्या दोघींकडे पाहत होता.

"मीच म्हनली थांबा म्हनून," कडूमाय म्हणाली.

सगळ्या वॉर्डासमोर डॉक्टरांनी तिला झाडलं. ती मान खाली घालून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी छकुलीनं डोळे उघडले, पाणी मागितलं. मी जिन्यात जाऊन रडले. कडूमाय तिथंच बसली होती. विचारलं, माय, काऊन खोटं बोललीस?

"माह्यावरचा भरोसा गेला त एक म्हातारी घरी बसन," ती म्हणाली. "तुले तं अजून औषध शोधाचं आहे. पन आता भेऊन शोध."

ती खरंच घरी बसली. वाफे तिनं स्वतः उपटले. गावात तिच्या दाराशी कुणी जाईना. मी पुढे शिकले, पदवी घेतली, आणि दर वेळी अर्काची बाटली हातात घेण्याआधी तिच्यासारखीच भिंतीला टेकून बसते, ती आजही.

ती गेली तेव्हा मी दादाला म्हटलं, चल मातीला. तो म्हणाला, माझी पोरगी मारायला निघाली होती ती, मी येणार नाही. तेव्हाही मी त्याला खरं सांगितलं नाही, एकटीच गेले. छकुली आता कॉलेजात आहे. हे लिहिलेलं मी उद्या आधी दादाला वाचायला देणार आहे, आणि मला फार भीती वाटते आहे.