खिडकीपाशी तुटणारं वायफाय

लॅपटॉप तिसऱ्यांदा दुकानात आला होता आणि तिसऱ्यांदाही अगदी व्यवस्थित चालत होता. वायफाय जोडलेलं, सिग्नल पूर्ण, सकाळपासून कनेक्शन एकदाही तुटलेलं नाही. तो घेऊन आलेल्या बाई काउंटरपलीकडे उभ्या होत्या आणि मीच आत काहीतरी लपवून ठेवल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या.

"हितं चालतंय आणि घरात न्हाय चालत, ह्ये कसं काय?" त्या म्हणाल्या. "आमचं घर काय वाळीत टाकलंय व्हय?"

"आत्या, मला खरंच काही दोष सापडत नाहीये."

"मग मी काय खोटं बोलतोय? माझ्या डोळ्यानं बघितलंय की. माणूस बोलत असतंय आणि मधनंच पुतळा हुतोय त्याचा."

ही गोष्ट दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची. मी तेव्हा राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर सर्व्हिसिंगच्या दुकानात नोकरीला होते. मालक मोहिते सर आतल्या टेबलावरून सगळं ऐकत होते. आत्या गेल्यावर ते म्हणाले, "वैशाली, विंडोज मार त्यात आणि विषय संपव."

सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पण जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट, आणि कुणालाही आतून उघडून बदलता येईल अशी. त्या काळात लिनक्सवर सगळ्यात जास्त रडवायचं ते वायफाय. वायफायचं कार्ड बनवणाऱ्या कंपन्या ड्रायव्हर विंडोजसाठी द्यायच्या. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. लिनक्सवाल्यांना तो दुभाष्या बऱ्याचदा अंदाजानं, चाचपडत लिहावा लागायचा. त्यामुळे तो कधी कधी अडखळायचा.

तरीही मला विंडोज टाकायचं नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

लॅपटॉप मगदूम काकांचा होता. काका उद्यमनगरात पॅटर्न बनवायचे, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने. त्यांना आणि काकूंना दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. दोघं मूकबधिरांच्या एकाच शाळेत शिकले, तिथंच जमलं, आणि शिरोळकडच्या दोन्ही घरच्यांनी बरीच खळखळ करून लग्न लावून दिलं. त्यांची एकुलती एक मुलगी रूपा. तिला ऐकू येतं. ती बोलायला शिकायच्या आधी खुणा करायला शिकली, असं आत्या सांगायच्या. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण, शेजारच्याच घरात राहणारी. बाहेरच्या जगाशी बोलायची वेळ आली की ती या दोघांचा आवाज.

रूपा सॉफ्टवेअरमध्ये होती. कंपनीनं तिला वर्षभरासाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा जायच्या आधी तिनं हा लॅपटॉप आईवडिलांसाठी तयार करून दिला. व्हिडिओ कॉलची घंटी त्यांना ऐकू येणार नाही, म्हणून तिनं स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. कॉल आला की अख्खा स्क्रीन पांढरा-काळा, पांढरा-काळा लखलखायचा. चूल सोडून काकू धावत यायच्या. विंडोज टाकलं असतं तर ते सगळं पुसलं गेलं असतं.

त्या दुपारी रूपाचाच फोन आला.

"ताई, रविवारच्या आत होईल का हो?"

"प्रयत्न करतेय. पण दुकानात तो तुटतच नाही."

मग तिनं सगळंच सांगितलं. तिथं तिच्याबरोबर नितीन नावाचा एक मुलगा कामाला होता, नागपूरकडचा. दोघांचं ठरलं होतं. दिवाळीपर्यंत सुट्टी मिळणार नव्हती, म्हणून गेल्या रविवारी तिनं व्हिडिओवर ओळख करून दिली. सुरुवात बरी झाली. मग काकांनी त्याला खुणेनं एक प्रश्न विचारला: आमच्याशी बोलायला शिकशील का?

आणि तेवढ्यात कनेक्शन तुटलं. स्क्रीनवर नितीनचा चेहरा तसाच अडकून राहिला, एका बाजूला वळलेला. काकांनी त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

"मी किती मेसेज केले, की बाबा, लाइन गेली," रूपा म्हणाली. "त्यांचं उत्तर काय, तर नेमकी त्याच प्रश्नाला बरी गेली. ताई, तुमचा-माझा फोन तुटला तर आपण परत लावतो. बाबांना आयुष्यभर माणसांनी मधेच तोंड फिरवून दाखवलंय. त्यांना वायरलेस वगैरे काही सांगून पटत नाही."

"रविवारी परत बोलायला तयार आहेत?"

"आईनं कसंबसं तयार केलंय. एकदाच म्हणतायत."

मी सरांना सांगितलं, मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जाते. सर म्हणाले, "जा, पण तिथंच मुक्काम करू नको."

मगदूमांचं घर मागच्या गल्लीत होतं. बाहेरच्या खोलीत काका पलंगावर बसले होते. स्कूटरवरून घसरल्यामुळे डावा पाय प्लास्टरमध्ये, बाजूला कुबड्या. मला पाहून त्यांनी मान हलवली. स्वागत केलं की नाही ते कळलं नाही. काकूंनी मात्र हात धरून मला खुर्चीत बसवलं आणि चहा ठेवायला गेल्या.

घरभर वायफाय पुरवणारा मॉडेम फळीवर होता. मी टेबलावर लॅपटॉप ठेवला, चार्जर लावला, वायफाय जोडलं. रूपाला कॉल लावला. ती ऑफिसमध्ये होती, पण कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. चित्र स्वच्छ. एकदाही अडकलं नाही. आम्ही दोघी उगाचच इकडचं तिकडचं बोलत बसलो.

आत्या दारातून म्हणाल्या, "आता तू आल्यावर चालणारच की. डॉक्टर दिसला की ताप पळतोय."

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि जोरात मान हलवली. ट्रे माझ्या हातात दिला. सरळ चार्जरची पिन उपटली, लॅपटॉप उचलला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीखालच्या स्टुलावर नेऊन ठेवला. मग काकांना आधार देऊन समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि मला खुणेनं सांगितलं.

"काय म्हणतात?" मी आत्यांना विचारलं.

"तिथं बसून कशी बोलणार म्हणती ती. टेबलावर अंधार हाय. हात दिसायला नकोत व्हय?"

बरोबर होतं. खुणांची भाषा बोलायची तर तोंडावर आणि हातांवर उजेड हवा. त्या खोलीत चांगला उजेड फक्त खिडकीपाशी होता, आणि खिडकीपाशी प्लगच नव्हता.

काका रूपाशी बोलू लागले. त्यांना मी पहिल्यांदाच बोलताना पाहत होते. एवढा अबोल वाटणारा माणूस, पण हात सुरू झाल्यावर चेहरा असा काही हलायला लागला की बघत राहावं. माझ्याकडे बोट दाखवून ते काहीतरी म्हणाले आणि रूपा हसली. नंतर कळलं, ते म्हणाले होते, ही पोरगी काम कमी आणि चहा जास्त पिते.

आणि रूपा हसता हसता गोठली. कनेक्शन गेलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पसरले. हे बघ, असं. ती खूण कळायला मला आत्यांची गरज लागली नाही.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. दिसत नसलेला बिघाड दुरुस्त करता येत नाही. आता तो दिसला होता.

पहिला संशय अंतराचा. खिडकी मॉडेमपासून लांब. पण सिग्नल पाहिला तर पूर्ण. तरी मॉडेम उतरवून खिडकीजवळ आणला. जोडलं, थोडा वेळ चाललं, परत तुटलं. मग वाटलं, शेजारच्या कुणाच्या वायफायची अडचण असेल, म्हणून मॉडेमचा चॅनल, म्हणजे लहरींचा पट्टा, बदलला. काही फरक नाही. बसल्या बसल्या माझी नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. तिथं बॅटरीचं चित्र होतं.

मी आत्यांच्या घरून एक्स्टेंशन बोर्ड मागवला. चार्जर लावला. कनेक्शन टिकलं. चार्जर काढला. तुटलं. पुन्हा लावला, टिकलं.

दुकानात आलेला लॅपटॉप आम्ही आधी चार्जरला लावतो आणि मग उघडतो. सवयच. म्हणून तो माझ्यापुढे कधी बिघडलाच नाही.

झालं होतं असं. लॅपटॉप बॅटरीवर गेला की लिनक्स वीज वाचवायला लागायचं. वायफायच्या कार्डाला सांगायचं, मधून मधून डुलकी काढ. याला पॉवर सेव्हिंग म्हणतात. चांगला ड्रायव्हर कार्डाला वेळेवर उठवतो. हा ड्रायव्हर उठवायला विसरायचा. कार्ड झोपलेलं, मॉडेम हाका मारतोय, उत्तर नाही. शेवटी मॉडेम त्याला सोडून द्यायचा.

हे मी आत्यांना सांगितलं.

"म्हंजी ड्रायव्हर झोपतोय गाडी चालवताना?"

"जवळपास तसंच."

"मग हाकला की त्येला!"

तेवढ्यात सरांचा फोन. "काय गं, सापडलं?"

"सापडलं सर. बॅटरीवर असताना पॉवर सेव्हिंग—"

"मग एक्स्टेंशन बोर्ड दे आणि ये परत."

"सर, काका कुबड्या घेऊन चालतात. खोलीभर वायर पसरली तर दुसरा पाय जाईल."

सर म्हणाले, "बरं, नीट करूनच ये."

मी टर्मिनल उघडलं. टर्मिनल म्हणजे कॉम्प्युटरला लिहून हुकूम देण्याची काळी खिडकी. त्यात एक कमांड दिली: वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद. चार्जर काढलेलाच होता. रूपाला कॉल लावला. चाललं. चालतच राहिलं. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी पिशवी भरायला घेतली.

बॅटरी उतरली होती म्हणून काकूंनी लॅपटॉप टेबलावर नेऊन चार्जरला लावला. मी चपला घालेपर्यंत आत्यांशी गप्पा रंगल्या, आणि निघता निघता काकूंनी कौतुकानं तो पुन्हा खिडकीपाशी नेला. रूपाला हात करून दाखवायला. आणि रूपा गोठली.

काकांनी या वेळी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खिडकीबाहेर बघत बसले. ते मला फार लागलं.

चपला काढून मी परत बसले. यात गूढ काही नव्हतं. चार्जरची पिन निघाली की लिनक्स दर वेळी बॅटरीचे नियम नव्यानं लागू करायचं, आणि त्यात माझा हुकूम पुसला जायचा. एकदा बंद केलेलं पुरेसं नव्हतं. नियमच बदलायला हवा होता. लिनक्सची गंमत ही, की तो नियम एका साध्या फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि ती फाइल कुणालाही उघडता येते. मी वायफायपुरता तो नियम उलटा केला: बॅटरी असो की चार्जर, कार्डानं जागं राहायचं. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला. पिन लावली, काढली, लावली, काढली. काकूंनाही काढायला लावली. आत्यांनीही हौसेनं एकदा काढून बघितली. कॉल सुरूच. बॅटरी थोडी लवकर संपणार होती, ते मी काकांच्या लिहून बोलायच्या पाटीवर लिहून दाखवलं. काकांनी ते वाचलं, पण दोष लाइनचाच होता हे काही कबूल केलं नाही.

रविवारी दुकान बंद असतं. तरी मी गेले. आत्यांनी बोलावलं होतं, आणि खरं म्हणजे मला घरी चैन पडलं नसतं.

दुपारी स्क्रीन लखलखला. रूपा आणि तिच्या शेजारी नितीन, इस्त्रीचा शर्ट घातलेला, कपाळावर घाम. मी बाजूला उभी राहून सिग्नलवर नजर ठेवून होते. काकांनी वेळ घालवला नाही. तोच प्रश्न तसाच परत विचारला.

नितीननं हात वर केले. अगदी सावकाश, एकेक खूण आठवत त्यानं काहीतरी सांगितलं. आत्या माझ्या कानाशी सांगत होत्या.

"शिकायलोय म्हणतोय... मागच्या खेपेला रूपाला विचारत हुतो... शिकायलोय ह्ये हातानं कसं सांगायचं म्हणून..."

म्हणजे तो तोंड फिरवत नव्हता. खूण विचारायला रूपाकडे वळला होता, आणि नेमका तेवढाच चेहरा इकडे अडकून राहिला होता.

काकूंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काका हलले नाहीत. नितीननं आणखी काहीतरी सांगितलं आणि आत्यांनी तोंडाला पदर लावला.

"काय झालं?"

"दिवाळीला तुमच्या पाया पडायला येतो म्हणायचं हुतं त्येला. दिवाळीला तुमच्या अंगावर पडायला येतो म्हणाला."

काकू मोठ्यानं हसल्या. रूपानं कपाळाला हात लावला. नितीनला काही कळेना. काका मात्र गंभीरच होते. खुर्ची त्यांनी थोडी पुढे ओढली, खिडकीच्या उजेडात दोन्ही हात धरले आणि ती खूण बरोबर कशी करायची ते त्याला दाखवलं. त्यानं करून बघितली. काकांनी मान हलवली: नाही. परत दाखवली. परत चुकली. तिसऱ्या-चौथ्या वेळी जमली, तेव्हा काकांनी अंगठा वर केला आणि लगेच पुढची खूण शिकवायला घेतली.

आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "झालं. आता ह्यो त्येला सोडत न्हाय."

कनेक्शन शेवटपर्यंत तुटलं नाही.

दिवाळीनंतर लग्न झालं. मोहिते सर आणि मी दोघंही गेलो होतो. जेवताना सर म्हणाले, "त्या बिलात होम व्हिजिट लावायची राहिली की गं." मी म्हटलं, "जिलेबी घ्या सर."

आता माझं स्वतःचं दुकान आहे. दोष सापडत नाही म्हणून लॅपटॉप परत द्यायची वेळ आली, की मी माणसाला आधी विचारते, घरी कुठं बसून वापरता? बरेच जण वैतागतात. त्यांना वाटतं, बाईला काम येत नाही म्हणून चौकशा करतेय. पण निम्म्या वेळा बिघाड त्या उत्तरातच असतो.