चव न घेणारी सुगरण

काशीमावशीने स्वतःच्या हातचं कालवण चाखून पाहिलेलं मी कधी बघितलं नाही. मोखाड्याच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकीण होती आणि मी शिक्षिका. आमटीला उकळी आली की ती थोडी आमटी वाटीत काढायची, फुंकर घालायची आणि हाताशी असेल त्या मुलीपुढे धरायची. मुलगी "छान झालीय" म्हणायची. मावशीचं तिकडे लक्षच नसायचं. ती मुलीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची आणि मग ठरवायची, मिठाच्या बरणीत हात घालायचा की नाही. "बोलणं खोटं असतं, तोंड खरं असतं," असं तिचं म्हणणं.

ती दाभोशाजवळच्या एका पाड्यावरची. मला ती 'मॅडम' म्हणायची आणि त्याच दमात अरेतुरेही करायची. "मॅडम, तू जेवलीस का?" आमच्या मुख्याध्यापिका पुण्याकडच्या, त्यांना पहिले दोन महिने हे फार लागलं. नंतर त्यांनाही मावशीने 'तुम्ही' म्हटलं तर चुकल्यासारखं झालं असतं.

त्या काळात मला लेखिका होण्याचं खूळ लागलं होतं. सात चुलींचं एक राज्य, त्यात मिरी नावाची पंधरा वर्षांची सुगरण, आणि तिच्या हातचं खाल्लं की माणसाला विसरलेलं सगळं आठवतं, अशी कुमारांसाठी अद्भुत कादंबरी मी लिहीत होते. रविवारी दुपारी मुली स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसल्या की मी नवं प्रकरण वाचून दाखवायची. चौथ्या प्रकरणापर्यंत निम्म्या मुली भिंतीला टेकून डुलक्या घ्यायला लागल्या. एक जण तोंडावरच म्हणाली, "मॅडम, तिला सगळंच येतं. मग ऐकायचं काय?" मला भयंकर राग आला, कारण ती खरं बोलत होती.

पाचव्या प्रकरणात मिरी शेतातलं नवं भात कांडून राजासाठी खीर करते. मी राजाच्या सोन्याच्या वाटीचं वर्णन रंगात येऊन वाचत होते, तेवढ्यात मावशीने हातातलं सूप खाली ठेवलं.

"हिनं नवं केलं का?"

आमच्याकडे नवं भात आधी देवाला आणि वाडवडलांना द्यायचं, मग घरच्यांनी खायचं. मीही इथलीच, पण डी.एड. करून आले आणि असल्या गोष्टी विसरून बसले.

"राहिलं," मी म्हटलं.

"मग गेली तिची चव. देवाच्या आधी राजाला वाढतात का? आता तिनं कायपण रांधू दे, तिला गोड कळायचं नाय, खारट कळायचं नाय."

डुलक्या घेणाऱ्या मुली ताठ बसल्या. "मग ती रांधेल कशी?" दोघीतिघींनी एकदम विचारलं.

मावशीने पुन्हा सूप उचललं आणि पाखडता पाखडता सांगत गेली. डाळ शिजली की तिचा आवाज जड होतो. भाकर भाजली की वास नाकात नाही, घशात लागतो. खारट झालं तर खाणाऱ्याचा डोळा आधी बारीक होतो आणि अळणी झालं तर पोर ताटातच बघत राहतं. मी शाळेच्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर भराभरा उतरवून घेतलं. ते प्रकरण माझ्या कादंबरीतलं सगळ्यात चांगलं झालं आणि त्याचं श्रेय मी बेलाशक माझ्या प्रतिभेला दिलं.

पुढे एकदा सगळ्या मुली खेळांच्या स्पर्धांसाठी जव्हारला गेल्या होत्या. वसतिगृहात आम्ही दोघीच. मावशीने मला उडदाची आमटी वाढली. पहिल्या घासालाच माझं तोंड वेडंवाकडं झालं.

"दोनदा पडलं ना मीठ?" ती हळूच म्हणाली आणि समोर बसली. "तापात गेली माझी चव. तीन वर्षं झाली. कुणाला सांगू नको, मॅडम. चव नसलेल्या बाईला चुलीपाशी कोण ठेवील?"

तिच्या नोकरीचं अजून दीड वर्ष बाकी होतं. आणि माझ्या पर्समध्ये प्रकाशकांचं पत्र होतं: कादंबरी घेतो, चव हरवलेल्या मिरीचं प्रकरण अप्रतिम आहे. पुस्तक आलं असतं तर मोखाड्यात ते वाचून कुणीही मावशीला ओळखलं असतं. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पुस्तकावर माझं नाव छापलेलं मला डोळ्यांपुढे दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मी तिला पत्राचं सांगितलं आणि म्हटलं, "ते प्रकरण काढून टाकते."

"काढू नको. पोरींना आवडलंय. तू थांब."

मी थांबले. प्रकाशकांनी दोनदा विचारलं, मी दोनदा थापा मारल्या. दीड वर्ष मावशी मुलींच्या तोंडाकडे बघून रांधत राहिली आणि तिच्या आमटीला कुणी एकदाही नाव ठेवलं नाही.

निरोपाच्या दिवशी तिला साडी-नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली. "तीन वर्षं आणि वर दीड वर्ष माझ्या जिभेला काय कळलं नाय. तुमच्या तोंडानं रांधलं. आता काय, गेले मी." मुख्याध्यापिकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुलींनी ज्या टाळ्या सुरू केल्या त्या थांबेनात.

जीपला वेळ होता. म्हणून तिला चुलीपाशी बसवून मी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात मिरीची चव परत येते.

"आली?" मावशीने विचारलं.

"आली."

"पहिलं काय खाल्लं तिनं?"

मी केशरभात लिहिला होता. तिने मान हलवली. "नाय. तिला नागलीची आंबील दे. मीठ घातलेली, कोमट. आधी आंबट लागते, मग मीठ लागतं, आणि गिळली की मागून नागली येते." बोलता बोलता तिची जीभ तोंडातल्या तोंडात फिरत होती.

मिरीची चव परत आणणं माझ्या हातात होतं, मावशीची नव्हतं. मला रडू आलं. ती म्हणाली, "लिही लवकर, जीप येईल."

मी केशरभात खोडला.