दारापर्यंत आलेली पावलं

एका मंगळवारी दुपारी तलासरीहून डहाणूला येताना ह्यांनी जीप थांबवायला सांगितली आणि वाघोबाच्या दगडाआड लघवी केली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. हे मोजणी खात्यात होते, मी डहाणूच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. जीपचा ड्रायव्हर तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. तो म्हणाला, "साहेब, देवाची जागा हाय ती."

"अरे, तुझ्या वाघालाही तहान लागतच असेल," हे म्हणाले. घरी येऊन मला सांगतानाही हसत होते.

आठवडाभरात ते हसणं थांबलं. लघवीला जावं तर थेंब थेंब व्हायची, परत यावं तर पुन्हा जावंसं वाटायचं. बाजारात निघायचं तर आधी आडोसा कुठे आहे ते आठवायचं. शेवटी कचेरी सोडली तर त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. "तुझी झोपमोड होते," म्हणून गादी बाहेरच्या खोलीत नेली.

मी चाळिशीची होते, ते पन्नाशीच्या अलीकडे. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

"नको. तो बघतोय."

"कोण?"

ते खिडकीकडे बघत राहिले. बाहेर चिकूची झाडं होती. दुसरं काही नव्हतं.

पुढे घराला वास येऊ लागला. फिनेल ओतलं तरी जात नसे. जनावर बांधून ठेवल्यासारखा उग्र वास. न्हाणीघर धुताना पाठीशी कोणी उभं आहे असं वाटून मी वळायचे. शाळेत मुलांना भीतीची कारणं समजावून सांगायची आणि घरी येऊन दाराच्या फटीतून आत बघायचं, असं माझं चाललं होतं.

सकाळी कोब्यावर ओली पावलं दिसत. न्हाणीघरातून निघालेली, माझ्या खोलीच्या दारापर्यंत आलेली. तिथे दोन्ही जवळजवळ उमटलेली, भोवती पाणी साचलेलं, म्हणजे बराच वेळ उभी राहिलेली. मग परत फिरलेली. पहिल्या दिवशी मी ओरडणारच होते. मग उजव्या पायाचा बाहेर वळलेला अंगठा ओळखला. ह्यांचाच. मी फडक्याने पुसून टाकलं. रोज पुसत राहिले. कधी कधी जागी असायचे, दारापलीकडचा श्वास ऐकू यायचा, पण आतून हाक मारली नाही. हाक मारली तर ह्यांच्याऐवजी दुसरंच कोणी आत येईल, असं मलाही वाटायला लागलं होतं.

दोन वर्षांनी ड्रायव्हर एकदा हे कचेरीत असताना घरी आला. ओटीवर उभ्यानेच बोलला.

"बाई, साहेब दोन दिवाळ्या वाघबारशीला आमच्या पाड्यावर येतात. देवाला कोंबडा देतात. आमचा भगत सांगून थकला, हे देवाचं नाय, डागदराचं हाय. देव कोणाचा मूत आडवत नाय. पण साहेब ऐकत नाय. म्हणतात, बायकोपासून लांब राहीन, तू फक्त देवाला सांग."

पाड्यावरचा भगत डॉक्टरकडे पाठवत होता आणि माझा पदवीधर नवरा नवस बोलत होता. डॉक्टरला सगळं सांगावं लागलं असतं. देवाला सांगावं लागत नाही.

मी त्यांना बलसाडला नेलं. दगडापासूनचं सगळं मीच डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ओटीपोट दाबून पाहिलं. "लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होतच नाही, काका. प्रोस्टेटची गाठ वाढली आहे. हे त्या दगडाच्या पुष्कळ आधीचं. धरवेना म्हणून तर तुम्ही तिथे उतरलात." मग मला बाहेर न पाठवता विचारलं, "आणि संबंध?"

ह्यांनी मान खाली घातली. "जमत नाही."

"ह्या त्रासात पुष्कळांचं असं होतं. बोलत कोणी नाही."

ऑपरेशन झालं. पण तुंबलेल्या लघवीने मूत्रपिंडं आधीच निकामी होत आली होती.

घरी आल्यावर मी त्यांची गादी आत आणली.

"अगं, अजून थेंब गळतात. वास येईल."

"येऊ दे."

"बाकीचं काही मला जमेल असं वाटत नाही."

"तुम्ही इथे झोपा. एवढं जमवा."

एवढं त्यांनी जमवलं. चार महिने आम्ही हात धरून शेजारी झोपलो. मग ते गेले.

ते चार महिने आता माझ्याकडे आहेत.