खणात राहिलेला पोर्तुगीजचा अर्ज

परवा हयातीच्या दाखल्यावर शिक्का बसला आणि शाईच्या ओलसर वासानं मला लातूरचं ते ऑफिस आठवलं. जिल्हा नवा होता, टेबलांच्या पॉलिशचा वासही गेला नव्हता, आणि बाहेर दुष्काळ होता. मी टँकरच्या मागण्या लिहून घेणारा कारकून. एका दुपारी जळकोटकडची एक मुलगी धुळीनं भरलेल्या चपलांनी आत आली. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते, आणि हिला गोव्यात पोर्तुगीज शिकायला शिष्यवृत्ती हवी होती. अर्जावर आमच्या साहेबांची शिफारस लागत होती. "प्यायला पाणी न्हाई अन् पोर्तुगीज कशाला गं?" मी हसून विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, लई देशांत चालती ही भाषा. इंग्रजीवाले ढीगभर हायेत, ही येणारं आपल्याकडं कोणी न्हाई. दवाखान्यातल्या गोव्याच्या नर्सबाईंनी थोडी शिकवली मला." मी अर्ज खणात टाकला. आठवड्यानं ती पुन्हा आली तेव्हा तो तिथंच पडलेला होता, आणि मी म्हणालो, "पाठवला की." तिचा चेहरा उजळला. "ओब्रिगादा," ती म्हणाली, "म्हंजे आभारी हाय." पुढं पावसाळ्यात खण आवरताना तो अर्ज हाती आला. मुदत कधीच संपली होती. कुणी पाहू नये म्हणून मी तो घाईघाईनं फाडला, वरचं नावसुद्धा न वाचता. आज माफी मागायला निघालो, तरी जळकोटात जाऊन कुणाचं घर विचारू?