‘घाटी’ शब्दाची माझी गोष्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि आता तो राहिलाही नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

मी शिव्यांवर बोलते. म्हणजे व्याख्यानं देते — मुलुंडची ज्येष्ठ नागरिक मंडळं, बोरिवलीची वाचनालयं, एखादं कॉलेज. शब्द कुठून आला, दुसऱ्या भाषेत जाऊन त्याचं काय झालं, असं सगळं. पहिल्या रांगेतले आजोबा खुर्ची पुढे ओढून ऐकतात. शेवटी मी ‘घाटी’ घेते, कारण मुंबईत तो कानावर पडला नाही असा माणूस सापडणं कठीण.

मजेशीर शब्द आहे हो. आपल्याकडे घाट चढायचा असतो. हिंदीत घाटी म्हणजे खाली दरी. कोकणी माणूस सह्याद्रीकडे बोट करून घाटी म्हणतो — डोंगरापलीकडचा, एवढंच, पण नाक जरा मुरडूनच. गोव्यात त्यात एक अनुस्वार घुसतो, ‘घांटी’ होतो, आणि चव आणखी कडू होते. मुंबईतल्या कित्येक जुन्या गुजराती घरांत तर घाटी म्हणजे भांडी घासणारा घरगडी. मग हळूहळू मराठी बोलणारा कुणीही. साताऱ्याचा असो की मालवणचा — म्हणणाऱ्याला काय फरक पडतो?

मला पडला होता.

व्याख्यानात इथे मी थांबते, पाणी पिते. मग सांगते की कॉलेजात मलाही घाटी म्हणायचे. दोन वर्षं. सगळ्यांसमोर. माझा आवाज इथे कापतो — मुद्दाम नाही, खरंच कापतो. एकदा एका बाईंनी माझा हात कितीतरी वेळ धरून ठेवला होता.

खोटं आहे ते. मला त्या नावाने कधीच कुणी हाक मारली नाही. सुरेखाला मारली. आणि ते नाव तिला चिकटवलं — मी.

अंधेरीच्या कॉलेजात अकरावीला आम्ही एका बाकावर होतो. ती आरे कॉलनीतून यायची. वडील तिथल्या गोठ्यांवर कामाला, गाव साताऱ्याकडे. आम्ही जोगेश्वरीचे, मूळ मालवणचे. तिची बस उशिरा आली की मी जागा अडवून ठेवायचे. मैत्रीणच होती ती, दुसरा शब्द नाही. पण मला बसायचं होतं खिडकीजवळच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलींत — काय दिसत होतं मला तिथे, देव जाणे. एका दुपारी त्यांनी आम्हाला डबे घेऊन बोलावलं. सुरेखाने डबा उघडला आणि आधी त्यांच्यापुढे धरला. त्यांच्यातल्या एकीने सहज विचारलं, “तुम दोनों घाटी है ना?”

“मैं नहीं हां! घाटी ये है. हम लोग कोकण के.”

भूगोल अगदी बरोबर होता माझा! पण डोक्यात काय होतं सांगू? त्या मुलीच्या घरी जो माणूस भांडी घासायचा, त्याच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. म्हणून सुरेखाला उभं केलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी त्या मुलींबरोबर हसत होते. बारावी संपेपर्यंत तिचं नाव घाटीच राहिलं. मीही म्हणायचे — “ए घाटी, वही दे ना.” ती द्यायची. डबा मात्र तिने परत कुणापुढे धरला नाही.

मग तिची गोष्ट माझी कधी झाली? नवरा गेल्यावर घर फार शांत झालं. व्याख्यानं सुरू केली, आणि एकदा बोलता बोलता तोंडून निघून गेलं — “मला म्हणायचे.” लोक हळहळले. इतकं बरं वाटलं ना मला! हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं तसं सांगते आहे.

गेल्या वर्षी घाटकोपरला कार्यक्रम होता. मी नेहमीसारखी थांबले, पाणी प्यायले. माझ्या डब्यातल्या ठेच्याला मुली कशा हसल्या, तेही सांगितलं. टाळ्या झाल्या. लोक चहाकडे वळले तशी पांढऱ्या केसांची एक बाई पुढे आली. “सुरेखा,” ती म्हणाली. मला वाटलं, आता ही चारचौघांत बोलणार. बोलायलाच हवं होतं तिने.

“ठेचा नव्हता गं,” ती म्हणाली. “शेंगदाण्याची चटणी होती. आईने तुझ्यासाठी म्हणून जास्त दिली होती.”

आणि पर्स खांद्याला लावून दाराकडे चालू लागली. मी हाक मारायला तोंड उघडलं तर तिच्या नावाआधी जिभेवर तो दुसरा शब्द आला. मी तोंड मिटलं. ती गेली.

व्याख्यानं मी बंद केली नाहीत. ती गोष्ट अजूनही सांगते, माझी म्हणूनच. फक्त आता ठेच्याऐवजी शेंगदाण्याची चटणी म्हणते. आईने मैत्रिणीसाठी जास्त दिली होती, तेही सांगते. तिथे लोकांचे डोळे भरून येतात.