अण्णांचा गिअर

मंडळी, आज सकाळी मुलानं नवी लॉरी घरासमोर आणून उभी केली. तिला क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात. मी हार घालून आत गेले, तर आई खुर्चीत तशीच बसलेली. नव्वदी ओलांडली, पण कान शाबूत आहेत.

"नातू आलाय, ऐकू आलं नाही?"

"लॉरी आली ते कळलं. कोण चालवतंय ते नाही कळलं."



साठच्या दशकात आमचे अण्णा, म्हणजे वडील, इथे बेंगळुरात लॉरी चालवायचे. तेव्हा गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर गिअर करकरायचा. आमच्या गल्लीच्या चढावर सगळ्यांचा करकरायचा, अण्णांचा कधीच नाही. लॉरी बिनआवाज गिअर बदलून चढली की आई कॉफीचं पाणी ठेवायची.

एका दुपारी त्यांचीच लॉरी चढावर करकरली; इंजिनाचा आवाज आईच्या ओळखीचा होता. आई हातातलं भांडं खाली ठेवून दारात जाऊन उभी राहिली. अण्णांचा जोडीदार ड्रायव्हर खाली उतरला.

"अक्का, स्वल्प... जरा बसा."

आई बसली नाही. "कुठे ठेवलंय त्यांना?" एवढंच तिनं विचारलं.

तुमच्या घरचं माणूस आलं, हे न बघता तुम्हाला कशावरून कळतं? आईनं आज नातू निघताना त्याला जवळ बोलावून बजावलं, "चढावर आलास की हॉर्न दोनदा वाजव. आणि ही खूण दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला सांगू नकोस."