उस्तादांचं पान

आमचे कवायतीचे उस्ताद शिक्षा द्यायचे आणि मुलाबरोबर स्वतःही ती भोगायचे. संचलनात पाय चुकला की मैदानाला पाच फेऱ्या; पण त्या पाचही फेऱ्या ते शेजारी धावत. "तुला नीट शिकवला असता तर तू चुकला नसतास. चल, दोघांनी धावूया," म्हणत. मग चुकायचीच लाज वाटे.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते खेडजवळच्या आमच्या सैनिकी शाळेत आले, तेव्हा तिथे पत्र्याच्या दोन शेड होत्या आणि भोवती कातळ. आम्ही पहिल्या तुकडीची मुलं. पीटीच्या तासाला कुदळ-घमेली घेऊन वर्षभर तो कातळ फोडला, तेव्हा मैदान झालं. सर्वांत पुढे उस्ताद. "बंदूक मागाहून. आधी उभा ऱ्हायला जागा करा." आमच्यातले तिघे फौजेत अधिकारी झाले. मी मुलाखतीत नापास झालो आणि लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळ्या करू लागलो. तरी उस्ताद खेडच्या बाजारात भेटले की दुकानदाराला कौतुकाने सांगत, "हा माझा कॅडेट."

गेल्या वर्षी संस्थेने शाळेचा इतिहास छापायचं ठरवलं. मी बरं लिहितो, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. उस्तादांवर मी एक प्रकरण लिहिलं. कार्याध्यक्षांनी त्यावर तांबडी काट मारली. मैदान त्यांच्या वडिलांनी घडवलं, असं त्यांना हवं होतं. वडिलांनी तिथे नारळ फोडला होता, एवढंच खरं. "चिरंजीवांचा अर्ज आलाय ना आपल्याकडे?" त्यांनी सहज विचारलं. मी ते प्रकरण काढून टाकलं. मला मुलाचा प्रवेश हवा होता.

पुस्तक घेऊन गेलो तेव्हा उस्ताद खाटेवर होते. दृष्टी गेलेली. मुलाचा अर्ज टाकलाय, हे मीच बोलता बोलता त्यांना सांगितलं. त्यांचं लक्ष पुस्तकाकडे. "माझा पान वाच." मी पुस्तक उघडलं आणि काट मारलेला मजकूर पाठ म्हटला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. "पान कितवा?" मी तोंडाला आला तो आकडा सांगितला, बेचाळीस. इतका हलकट मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

पुढच्या खेपेला त्यांच्या सूनबाईंनी मला पडवीतच गाठलं. "मुंबईची नात आली होती. तिच्याकडून मामंजींनी बेचाळिसावं पान वाचून घेतलानी. त्यात त्यांचं नाव नाही हो. मग आख्खं पुस्तक वाचून घेतलानी."

मी आत गेलो. उस्तादांनी पुस्तकाचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "पोराला घेतलानी काय शाळेत?"

"घेतलं."

"मग बरा झाला. पोराचा नुकसान नको," म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

महिन्याभरात ते गेले. त्या भेटीत त्यांनी मला एखादी शिवी हासडली असती, तर आज निदान त्यांच्यावर रागावता तरी आलं असतं.